लहानीचा दात

मी एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे थुंकीशी माझा रोजचाच संबंध. वाचायला किळस वाटेल, पण खरं तेच आहे. दारव्ह्याहून गाडी सुटली की पहिला थांबा यायच्या आतच मागच्या सीटवरचा कोणीतरी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सोडतो आणि नेर येईपर्यंत खिडकीखालच्या पत्र्यावर बाहेरून लाल ओघळ आलेला असतो. नोटा देतात त्या बोटाला थुंकी लावून, मोजून. बाया पोराचं तोंड पुसतात तो पदर आणि सुटे पैसे बांधलेला पदर एकच. मी भांडते. गाडी थांबवून भांडते. ड्रायव्हर लोक मला हसतात, म्हणतात मॅडमला पॅसेंजरच्या तिकिटापेक्षा पॅसेंजरच्या तोंडाचीच जास्त काळजी.

आधी मी घाणीपायी भांडायचे, पत्रा धुवावा लागतो म्हणून. आता कारण वेगळं आहे आणि ते मी डेपोत कोणाला सांगत नाही. माझी धाकटी बहीण दातापायी गेली. आम्ही तिला लहानीच म्हणायचो, लग्न होऊन ती आई झाली तरी लहानीच. दवाखान्याच्या कागदावर हृदय लिहिलं आहे, आणि तेही खोटं नाही. पण सुरुवात दातापासून झाली. तो दात ज्या बाईला दाखवला तिच्याकडे लहानीला आमची माय घेऊन गेली होती. सुरुवात तिथून झाली हे मायला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. दोन वर्षं मी ते पोटात ठेवलं आणि रोज सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन ड्युटीवर गेले.

लहानीच्या दुखण्याचं मूळ तसं फार मागचं. शाळेत असताना तिचा घसा धरला होता, ताप आला, आणि मग गुडघे सुजले. गुडघे उतरले तर कोपरं सुजली. मायने वात समजून मोहाचं तेल चोळलं. पोर बरी झाली, उड्या मारायला लागली, सगळे विसरले. त्या तापाने हृदयाची झडप खराब करून ठेवली होती हे कळलं ते थेट तिचं लग्न होऊन पोरगी झाली तेव्हा. बाळंतपणानंतर तिला विहिरीवरून पाणी आणवेना, दोन पायऱ्या चढली की दम लागायचा. सासरचे म्हणायचे, नाटकं करते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल.

सरकारी योजनेत बदलली. नवी झडप धातूची होती. शांत जागी बसलं की लहानीच्या छातीतून टिक टिक ऐकू यायची. गावातल्या बाया मुद्दाम यायच्या ऐकायला. लहानी लाजायची, मग हसून पदर सारखा करून म्हणायची, "घ्या व, आयका, फुकटात हाय." तिची पोरगी त्या आवाजाशिवाय झोपायची नाही. आईच्या छातीला कान लावायची आणि पाच मिनिटांत गार.

सुटी देताना डॉक्टरांनी आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलं होतं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. रक्ताची तपासणी दर महिन्याला. आणि दात, हिरड्या, तोंड साफ ठेवायचं. दात दुखला तर आधी आम्हाला विचारा, विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, आधी एक गोळी द्यावी लागते. परतीच्या गाडीत मायने हे सगळ्या बसला सांगितलं. "दिलाचा डॉक्टर, अन् दातं पायते व! उद्या दातवाला गुडघे पाहीन." बस हसली. मीही हसले, तेव्हा मीही साधी पॅसेंजरच होते. पण आमची माय ऐकणारी बाई आहे, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, एवढी गोष्ट तिने मनात पक्की बसवून घेतली.

आणि तिथेच घात झाला.

लहानीचा खालचा दात किडला. का किडला तेही मला नंतर कळलं. हृदयासाठी तिला लघवीची गोळी होती, पाणीही मोजूनच प्यायला सांगितलं होतं. तोंड कायम कोरडं. ती बोलता बोलता जीभ टाळूला चिकटल्यासारखी थांबायची. आम्हाला वाटायचं, अशक्तपणा. सासरी लवंग धरून, कापूर धरून तिने दिवस काढले. दिवाळीला माहेरी आली तेव्हा गाल सुजलेला होता आणि ती एकाच बाजूने चावत होती. मी म्हटलं, "परवा माही सुट्टी आहे, दारव्ह्याले दातवाल्याकडे नेतो. तठूनच नागपूरच्या डॉक्टरले फोन लावू." माय चुलीपाशी करंज्या तळत ऐकत होती. मी रात्रीच्या मुक्कामी गाडीवर ड्युटीला गेले.

परत आले तर लहानी ओसरीवर मायसमोर बसून भात खात होती. चेहरा खुललेला. म्हणाली, "बाई, माह्ये किडे निघाले व." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

आमच्या गावापासून दोन गावं सोडून एक म्हातारी आहे, ती दातातले किडे काढते. फक्त रविवारी आणि बुधवारी. पैसे घेत नाही, एक नारळ घेते, म्हणून तर लोकांचा तिच्यावर जास्त भरवसा. मीही लहानपणी तिच्या अंगणात बसलेली आहे. चुलीवर खापरी लाल करतात, तीत रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी तेलात घोळून टाकतात. वर भोक पाडलेलं मडकं पालथं घालतात, भोकात एरंडाची नळी. त्या नळीतून धूर तोंडात घ्यायचा, डोक्यावरून गोधडी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून लाळेची धार, सगळं खाली ठेवलेल्या पाण्याच्या ताटात. मग म्हातारी ताट उन्हात धरते. पाण्यावर पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगत असतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस काय बोलणार? मास्तर जातात, सरपंच जातात. माझाही दात तेव्हा थांबला होता दुखायचा.

मी मायवर ओरडले. "डॉक्टरनं काय सांगतलतं तुले?"

माय शांतपणे म्हणाली, "दात काढू नोका म्हने ना? मंग काढला कुठी? दात हाय तिथीच हाय. फक्त किडे काढले. तू नेली असती दातवाल्याकडे तं त्यानं उपटलाच असता."

तिचं म्हणणं असं होतं. डॉक्टरांचा शब्द पाळायचा म्हणूनच ती लहानीला डॉक्टरकडे न नेता तिथे घेऊन गेली. मी यावर कितीदा विचार केला आहे, रिकाम्या गाडीत, शेवटच्या फेरीला. मला तिचा राग येतो, आणि तिची बाजू समजते म्हणून आणखी राग येतो.

धूर झाल्यावर म्हातारीने सुजलेल्या जागी बाभळीचा काटा टोचून घाण बाहेर काढली होती. लहानीचं रक्त गोळीने पातळ केलेलं, संध्याकाळपर्यंत गुळणी टाकली की लाल. मायने तुरटी लावली, हळद लावली. "खराब रगत निघून गेलं," ती म्हणाली. मी लगेच नागपूरला फोन लावायला घेतला. दिवाळीचे दिवस, कोणी उचलला नाही. दोन दिवसांनी लागला तर म्हणाले, ताप आला तर ताबडतोब घेऊन या. ताप नव्हता. ठणका नव्हता. लहानी पोरीसोबत करंजी खात होती, दोन्ही बाजूंनी चावून.

ती सासरी गेली. कापूस वेचणीचे दिवस होते, घरचं सगळं शेत पांढरं झालेलं. बारीक ताप यायला लागला तो संध्याकाळचा. अंगात कसकस, रात्री घाम, सकाळी बरी. हे तिने आम्हाला सांगितलंच नाही, फोनवर म्हणायची, थकवा आहे. सासरच्यांनी जवळच्या डॉक्टरला दाखवलं, त्याने रक्त तपासून टायफॉइड सांगितला, सलाईन लावली. सलाईन लावली की आमच्याकडे माणूस अर्धा बरा होतो, कारण सगळ्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. ती दोन दिवस बरी राहायची, पुन्हा ताप.

मी भेटायला गेले तेव्हा ती कापसाच्या पऱ्हाटीत होती. वाळली होती. मी तिचा हात हातात घेतला तर नखांखाली बारीक लाल रेघा, कुसळ शिरल्यासारख्या. "हे काय व?" तर म्हणाली, "बोंडाचे काटे लागतात, बाई. समद्याच बायायचे हात असेच हाये." तिने शेजारच्या बाईचा हात ओढून दाखवला. खरंच, तिचेही हात ओरबाडलेले होते. वेचणीच्या दिवसांत कोणत्या बाईचे हात धड असतात? पण ताप ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या नवऱ्याला जे बोलायचं ते बोलले आणि दुसऱ्याच दिवशी तिला गाडीत घातलं. यवतमाळ, तिथून नागपूर. माय सोबत आली. पोरगी आम्ही शेजारणीकडे ठेवली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिचे हात पाहिले. नखं पाहिली. मग म्हणाल्या, "तोंड उघडा." मला अजून आठवतं, बाईंनी टॉर्च मारून तो खालचा दात दोनदा वाकून पाहिला. दोन्ही हातांतून वेगवेगळ्या जागी रक्त काढून बाटल्यांमध्ये भरलं. त्या बाटल्या उबेत ठेवतात, रक्तात काही जिवंत असेल तर ते वाढतं. ते वाढलं.

मग दातांच्या विभागातून एक डॉक्टर आले, हातात झाकणाची छोटी नळी. लहानीला म्हणाले, "यात थुंका. घाई नाही, तोंडात जमू द्या अन् सोडा." काय तपासणार ते त्यांनी नीट सांगितलं. लाळ किती सुटते, तिच्यात कोणते जंतू किती आहेत, ते पाहायचं.

माय आडवी आली. "थुक नाई द्याचं," ती म्हणाली. "रगत घेतलं थे घेतलं. थुक, केस, नखं कोनाच्या हातात द्यायचे नसतात. लेकीवर आंधीच कोनाचं तरी काई झालं हाय."

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. त्यांना हसू येत होतं की राग, कळलं नाही. मला मात्र लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त मायची कीव आली. ही तीच बाई, जी नजर काढताना पोरीला मीठमिरचीवर थुंकायला लावते. सकाळची, चूळ न भरलेली थुंकी गळवाला लावते आणि म्हणते, यापरीस मलम नाही. थुंकीत ताकद असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ती कसली ताकद, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिला चहाला म्हणून खाली नेलं. वर आलो तेव्हा लहानी अजून नळी धरून बसली होती. थुंकी येतच नव्हती. ती गाल आत ओढायची, जीभ फिरवायची, आणि नळीच्या काठाला नुसता फेस लागायचा. शेवटी एक चिकट दोरा सुटला आणि तुटेना. तिने बोटाने तोडला आणि माझ्याकडे पाहून ओशाळी हसली. शाळेत पाढा न आलेल्या पोरीसारखी. ते हसू मला झोपू देत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर बोलावलं. काचेच्या दारातून आत माय दिसत होती, लहानीचे ओठ ओल्या पदराने पुसत होती.

"ताई, तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या, माझ्याही. लाळ त्यांना आवरून धरते, धुऊन काढते. हिला लाळच कमी. दात किडला, हिरडी सुजली. सुजलेल्या हिरडीतून ते रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचं रक्त त्यांना तिथल्या तिथे संपवतं. हिच्या छातीत नवी झडप आहे, तिथे त्यांना चिकटून बसायला जागा मिळाली. रक्तात जे वाढलं ते तोंडातलंच आहे. नखांखालच्या रेघाही त्याच्याच, काट्यांच्या नाहीत."

मी विचारलं, "ही थुंकी आधी तपासली असती तर कळलं असतं का?"

"हृदयात काय चाललंय ते थुंकीवरून कळत नाही. त्याला रक्तच लागतं. पण तोंड किती बिघडलंय ते कळलं असतं. अन् तोंड वेळेवर पाहिलं असतं तर..." त्या थांबल्या. मग विचारलं, "त्या दाताला कोणी हात लावला होता का?"

मी काचेतून मायकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. धूर, ताट, काटा. बाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "काट्यानेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. एवढा सडलेला दात असला की नुसतं चावतानाही जंतू आत जातात. पण काट्याने वाट मोकळी केली असणार." आणि मग, "आईला आत्ता नका सांगू. तिला उभं राहायचंय अजून."

मी विचारलं, किडे काय असतात मग. त्या म्हणाल्या, बी तापून फुटलं की आतला कोंब बाहेर पडतो, पांढरा, वाकडा. पाण्यात पडला की किडाच दिसतो. खरे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

औषधं चालू होती, हाताच्या शिरेतून, रोज. पण झडपेवर बसलेल्या त्या घाणीचा एक कण सुटून मेंदूत गेला. सकाळी मी चहा घेऊन आले तर लहानीचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि डोळे माझ्याकडे. तिला काहीतरी म्हणायचं होतं. जीभ हलत होती. त्यानंतर ती बोलली नाही, आणि आठवड्याच्या आत गेली.

तिच्या नवऱ्याने वर्षभरात दुसरं लग्न केलं. त्याच्यावर मी राग धरत नाही, धरून उपयोगही नाही. पोरगी आमच्याकडे आली. पहिल्या रात्री तिने मायच्या छातीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि म्हणाली, "आजी, तुह्यं वाजत नाई." माय उठून बाहेर गेली.

दुःख करायला आलेल्या प्रत्येक बाईला माय एकच गोष्ट सांगायची. "दिलाचं दुखनं होतं, बाई. नशिबातच नव्हती. पन दाताचं तं म्या बरं केलतं. शेवटच्या दिवाळीले पोट भरून जेवली माही लेक, दोन्हीकडून चावून." हे सांगताना तिचा चेहरा जरा उजळायचा. एवढ्या सगळ्या दुखण्यांपैकी एक तरी दुखणं तिने स्वतः बरं केलं होतं, आणि त्याच आधारावर ती उभी होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. कधी कधी वाटायचं, बाहेर जाऊन ओरडावं. कधी वाटायचं, असाच उजेड राहू दे तिच्या तोंडावर. राग आणि माया एकाच माणसावर एकाच वेळी येणं फार वाईट. मी ते गाडीतल्या खर्रा खाणाऱ्यांवर काढायचे.

असं कायमचं चाललं असतं. पण या पावसाळ्यात पोरीची दाढ दुखायला लागली.

ती काही सांगायची नाही, गाल धरून बसायची. मी दारव्ह्याच्या दातवाल्याकडे न्यायचं ठरवून मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर देवाजवळ नारळ ठेवलेला. नारळ पाहिला आणि मला ती म्हातारी आठवली. माय दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. पोरगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती.

"नारळ कायले?" मी विचारलं.

"उद्या बुधवार हाय. पोट्टीले घेऊन जातो."

"नाई न्यायचं. मी दारव्ह्याले नेतो तिले."

"काहून? तिथी उपटतात, सुया टोचतात. हिच्या मायले तिथूनच आराम पडलता ना?"

"माय, नाई न्यायचं म्हटलं."

"पन काहून?" तिने सूप खाली ठेवलं. "तू दोन वर्सापासून अशीच करून राह्यली. त्या बाईचं नाव काढलं का तुह्या कपायाले आठ्या. काय केलं तिनं तुह्यं?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं ओरडून सांगेन, इतकं साचलं होतं. पण बोलले ते हळू, आत पोरगी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच, त्याच क्रमाने सांगितलं. लाळ, दात, हिरडी, रक्त, झडप. काट्याचं सांगितलं. किड्यांचं सांगितलं, की ते बियांचे कोंब होते.

माय आधी म्हणाली, "डॉक्टर लोक कायबी सांगतात." मग म्हणाली, "म्या माह्या डोयानं पाह्यले थे किडे." मग बराच वेळ ती सुपातल्या डाळीवर हात फिरवत राहिली, निवडत नव्हती, नुसता हात.

"म्हनजे म्या नेली म्हून," ती म्हणाली.

"तू तिले बरं वाटावं म्हून नेलतं, माय."

"थे नाई विचारून राह्यली मी."

"डॉक्टरीण म्हने, नुसतं चावल्यानंबी झालं असतं. नक्की नाई सांगता येत."

"पन तुले काय वाटते?"

मी म्हटलं, मला काही वाटत नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. दोन वर्षं मी तिला तिकिटाशिवाय बसलेल्या पॅसेंजरसारखं पाहत होते, ते तिला आता कळलं असावं. ती उठली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. जेवली नाही. आम्हाला वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. नारळ देवाजवळ तसाच होता. मी सांगून मोकळी झाले असेन असं कोणाला वाटेल. मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. घरात दुसऱ्यांदा माणूस गेल्यासारखं वाटलं.

सकाळी मी आणि पोरगी निघालो तर माय लुगडं बदलून दारात उभी. आमच्यासोबत गाडीत बसली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती दर वेळी मला चिडवते, म्हणते कंडक्टरची माय अन् तरी अर्धंच देते. त्या दिवशी तिने नुसते पैसे पुढे केले. खिडकीबाहेर पाहत होती.

दारव्ह्याचा दातवाला नवीन पोरगा आहे, हसतमुख, अजून सगळं नवं नवं. पोरगी खुर्चीवर चढली खरी, पण त्याने दिवा ओढला आणि तिने तोंड गच्च मिटलं. त्याने गंमती केल्या, खुर्ची वरखाली केली. काही उपयोग नाही. डोळ्यांतून धार लागली होती.

"काय झालं बेटा? कशाची भीती वाटते?"

ती दातांवर दात ठेवूनच बोलली. "माही आई दातानंच मेली."

तेव्हा मला कळलं की मंगळवारी आतल्या खोलीत अभ्यास चाललेला नव्हता. माय पोरीच्या पायाशी उभी होती, तिच्या घोट्यावर हात ठेवून. तो हात तिने काढून घेतला.

डॉक्टर हसला. त्याला काय माहीत? लहान पोरं काहीबाही बोलतात. "अरे, असं कोण सांगते तुले?" तो म्हणाला. "दातानं कोणी मरते का? मी एवढे दात पाहिले, एकही माणूस नाही मेला."

मायने मान वर केली. "नाई मरत ना, डॉक्टर साहेब?"

"नाही हो आजी. दातानं काय मरते माणूस."

माय माझ्याकडे वळली. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्याला डोळा दिला. पोरगीही खुर्चीवरून मान वळवून माझ्याकडेच पाहत होती. त्या खोलीत डॉक्टरीणबाईंचं बोलणं स्वतःच्या कानाने ऐकलेली फक्त मी होते.

मी म्हटलं, "बरोबर सांगून राह्यले डॉक्टर. दातानं कोनी नाई मरत."

पोरीने तोंड उघडलं.